तारेपासून मिक्सरपर्यंत: गोव्यात इलेक्ट्रिक व्हायोलिनवर घर चालवायचं असेल तर

मोरजीच्या किनाऱ्यावरचं माझं पहिलं वादन अजून माझ्या कानात आहे. सूर्य बुडायला अर्धा तास होता, लग्नाच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ, समोर तीसेक टेबलं. साउंडवाल्याने माझ्या व्हायोलिनची पिन थेट मिक्सरच्या लाइनमध्ये खुपसली. मी षड्ज लावला आणि स्पीकरमधून पत्र्यावर खिळा ओढावा तसा आवाज आला. खालची तार जणू वाद्यावर नव्हतीच. मी गजाचा दाब कमी केला, तारेवरची राळ पुसली, मिक्सरवरच्या माणसाला हाताने खुणा केल्या, पण काही फरक पडला नाही. तासभर तशीच वाजवत राहिले. बारा वर्षं घोटलेले सूर समोरच्या माणसांपर्यंत पोचले नाहीत, कारण तारेपासून मिक्सरपर्यंतची दहा फुटांची वाट माझ्या हातात नव्हती.

मी फोंड्याची. म्हार्दोळच्या उत्सवात नाटकं बघत मोठी झाले आणि आता या वाद्यावरच घर चालवते. नव्याने येणारी मुलं, कधी त्यांचे आईबाबाही, विचारतात: सुरुवात कुठून करायची? मी जे अडखळत शिकले, ते इथे क्रमाने लिहिते.

पहिली पायरी: आधी गज, मग वायर

"मला इलेक्ट्रिकच शिकायचंय" म्हणत येणाऱ्याच्या हातात मी आधी साधं व्हायोलिन देते. लाकडी पेटी गजाची खरखर थोडीफार पोटात घालते. घोडीला, म्हणजे तारा टेकतात त्या लाकडी पट्टीला, चिकटलेला आणि तारेची थरथर विजेत बदलणारा पिकअप मात्र गज उलटतानाचा झटका, बोट उचलल्याचा चटका, सगळं तसंच पुढे पाठवतो आणि स्पीकर ते मोठं करतो. तीन वर्षं रोज तास-दीड तास साध्या वाद्यावर बसा. लांब गज एकाच दाबाने, एकाच जागी, घोडीला समांतर ओढता आला की मग वायरीचा विचार करा.

गोव्यात शिकायला दोन दारं आहेत आणि दोन्ही उघडी असणं हे आपलं भाग्य आहे. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, मुलांना सोल्फा (स्वरवाचन) आणि व्हायोलिन शिकवत. तिथे तयार झालेल्या हातांनी पुढे मुंबईच्या सिनेसंगीतातले वाद्यवृंद उभे केले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच, प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. आजही खुरसासमोरच्या लादिनीत (सामूहिक प्रार्थनागायनात) आणि मांडो या गोव्याच्या गाण्यांच्या साथीला घुमट या मातीच्या तालवाद्याबरोबर व्हायोलिन ऐकू येतं. दुसरं दार देवळाच्या बाजूचं: हिंदुस्थानी, गायकी अंगाचं, म्हणजे गळ्यासारखं वाजवायचं. श्रीधर पार्सेकर गोव्याचेच. वि. गो. जोग, द. के. दातार, एन. राजम यांचं वादन रोज अर्धा तास तरी कानावर पडू द्या. पणजीला कांपालच्या कला अकादमीत पाश्चात्त्य आणि भारतीय, दोन्ही संगीतांचे विभाग आहेत.

माझं मत विचाराल तर दोन्ही शिका. पाश्चात्त्य शिक्षणाने नोटेशन वाचता येतं, उभं राहून वाजवायची सवय होते, आणि बँडमधल्या गिटारवाल्याशी कोणत्या स्केलमध्ये जायचं हे एका वाक्यात बोलता येतं. हिंदुस्थानीमुळे मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं, येते, आणि लोक जेवता जेवता चमचा खाली ठेवतात तो मींडेवर.

इथे तारा लावण्याचा प्रश्न सगळ्यांना पडतो. पाश्चात्त्य पद्धतीत तारा जी-डी-ए-ई, म्हणजे १९६, २९४, ४४० आणि ६५९ हर्ट्झच्या आसपास. कर्नाटक संगीतात सा-प-सा-प, आणि बरेच हिंदुस्थानी वादक प-सा-प-सा लावतात. दर कार्यक्रमाला खुंट्या पिळत बसलात तर तारा तुटतील आणि सूरही टिकणार नाही. बँडबरोबर वाजवणाऱ्याने जी-डी-ए-ईच ठेवावं आणि षड्ज पांढरी दोनवर (हार्मोनियमची दुसरी पांढरी पट्टी), म्हणजे डी तारेवर धरावा. मग त्याच चार तारा म-सा-प-रे होतात. मला हे कळायला चार वर्षं लागली. कळल्यावर यमन आणि बँड एकाच वाद्यावर वाजू लागले.

वाद्य निवडताना

रस्ते दोन. हातातल्या साध्या व्हायोलिनच्या घोडीला पिकअप बसवायचा, किंवा भरीव लाकडाचं, पेटी नसलेलं इलेक्ट्रिक वाद्य घ्यायचं. देवळातला कार्यक्रम, नाट्यगीतांची साथ, लहान हॉल, एवढंच करणार असाल तर पिकअप बसवणं पुरेसं आहे आणि आवाजही गोड येतो. ड्रम आणि मोठे स्पीकर शेजारी असतील तर पेटी स्पीकरचा आवाज परत ओढून घेते आणि शिटी मारते. तिथे भरीव वाद्यच हवं. यामाहाने १९९७ मध्ये आवाज न करणारं सायलेंट व्हायोलिन आणलं, तेव्हापासून शेजाऱ्यांना त्रास न देता रात्री हेडफोनवर रियाज करणं सोपं झालं. चाळीत किंवा फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला ही फार मोठी सोय आहे.

घेण्याआधी वाद्य खांद्यावर धरून दहा मिनिटं उभे राहा. साधं व्हायोलिन साधारण ४०० ते ४५० ग्रॅमचं असतं, इलेक्ट्रिक बहुतेक वेळा ५०० ग्रॅमच्या वर जातं. शंभर ग्रॅम ऐकायला काहीच वाटत नाहीत, पण दुसऱ्या सेटच्या शेवटी मान सांगते. मग चारही तारा एकेक करून सारख्याच दाबाने वाजवा. एखादी तार दबलेली आणि दुसरी किंचाळणारी असेल तर घोडी किंवा पिकअप नीट बसलेला नाही. अगदी स्वस्तातल्या वाद्यांत हा दोष हमखास सापडतो. फाइन ट्यूनर, म्हणजे सूर बारीक जुळवायचे स्क्रू, चारही तारांना असावेत.

पाच तारांचं वाद्य खालचा सी देतो, १३१ हर्ट्झच्या जवळ, म्हणजे व्हायोलाची खालची तार. मोह होतो, पण पहिलं वाद्य चार तारांचंच घ्या. पाच तारांवर घोडीची कमान सपाट होते आणि मधल्या तारेवर गज टाकताना शेजारची तार लागते.

दहा फुटांची वाट

आता मोरजीला काय झालं ते सांगते, कारण ते समजलं की या वाद्याचं निम्मं काम समजलं.

बहुतेक व्हायोलिनांत पिझो पिकअप असतो: दाबाचं विजेत रूपांतर करणारी बारीक चकती. तिच्यातून येणारी वीज फार अशक्त असते आणि पुढच्या यंत्राने तिच्यावर भार टाकला की खालचे स्वर गळून पडतात. किती गळतात याचा हिशोब करता येतो. पिकअपची धारकता, म्हणजे वीज साठवायची क्षमता, एक नॅनोफॅरड धरा. पुढच्या यंत्राच्या इनपुटचा विरोध जितका जास्त, तितका भार कमी. तो १ मेगओहम, म्हणजे १० लाख ओहम, असेल तर घट साधारण १६० हर्ट्झच्या खाली सुरू होते. आपली सर्वांत खालची तार १९६ हर्ट्झची, म्हणजे ती वाचते. मिक्सरची साधी लाइन मात्र १० हजार ओहमची असते. तिथे घट १६ हजार हर्ट्झच्या खाली सुरू होते, म्हणजे अख्खं व्हायोलिन त्या घटीतच येतं. उरतो तो गजाचा ओरखडा. त्या संध्याकाळी नेमकं हेच झालं होतं. साउंडवाल्याची चूक नव्हती, त्याने गिटार, कीबोर्ड जसं लावतात तसंच लावलं होतं. सांगायला मी हवी होते.

म्हणून वाद्याच्या खालोखाल पैसे प्रिअँपवर, म्हणजे या अशक्त विजेला आधी बळ देणाऱ्या छोट्या यंत्रावर, घाला. इनपुट किमान १ मेगओहमचा, जमलं तर १० मेगओहमचा. वाद्याच्या आतच प्रिअँप असेल तर त्याला बहुधा ९ व्होल्टची बॅटरी लागते. ती दर तीन-चार कार्यक्रमांनंतर बदला, मरेपर्यंत थांबू नका, कारण मरताना ती आधी आवाज फाटका करते आणि दोष गजाचा वाटतो. प्रिअँपमधून डीआय बॉक्स (वाद्याचा आवाज मिक्सरपर्यंत स्वच्छ पोचवणारी डबी) आणि डीआयमधून मिक्सर. डीआयवर ग्राउंड तोडायचं एक छोटं बटण असतं. जनरेटरवर चालणाऱ्या किनाऱ्यावरच्या स्टेजवर घूंऽऽ असा गुणगुणाट आला की ते दाबून बघा. दहापैकी सात वेळा गुणगुणाट थांबतो, असा माझा अनुभव.

मग आवाजाची घडण. चार तारांच्या वाद्यावर १५० हर्ट्झच्या खालचं सगळं कापा, तिथे तुमचा स्वर नसतो, फक्त पावलांचा आणि वाऱ्याचा धपधपाट असतो. २५०० ते ४००० हर्ट्झ हा कानाला टोचणारा पट्टा. तिथे तीन-चार डेसिबल कमी करा. रिव्हर्ब, म्हणजे आवाजाचा घुमारा, थोडा ठेवा. हे सगळं घरी, मोठ्या स्पीकरवर, गज हातात घेऊन ठरवा आणि बटणं कुठे होती त्याचा फोटो काढून ठेवा. हेडफोनवर गोड वाटणारा आवाज मैदानात बारीक होतो.

डिले (प्रतिध्वनी देणारा), ऑक्टेव्ह (सप्तक बदलणारा), डिस्टॉर्शन (आवाज फाडणारा) यांचे पेडल पहिल्या वर्षी घेऊ नका. फ्रेंच जॅझ व्हायोलिनवादक ज्याँ-ल्यूक पाँती किंवा 'शक्ती' या फ्यूजन बँडमधले एल. शंकर ऐका. शंकर यांनी पुढे दोन मानांचं, दहा तारांचं व्हायोलिनही वाजवलं. यंत्र कितीही मोठं असो, गजाचं वळण त्यांचंच ऐकू येतं.

आपली हवा

गोव्याच्या हवेबद्दल पुस्तकांत काही मिळत नाही, म्हणून जरा सविस्तर.

जूनमध्ये पाऊस लागला की गजाचे केस ओल पिऊन लांबतात. स्क्रू कितीही पिळा, ढिलेच वाटतात. तोच गज घेऊन तुम्ही हॉटेलच्या एसी हॉलमध्ये शिरलात की केस आकसतात आणि काठीवर ताण येतो. वाजवून झाल्यावर गज सैल केला नाही तर काठी कायमची वाकते. माझा एक चांगला गज असाच गेला. लाकडी खुंट्या पावसाळ्यात फुगून अडकतात, डिसेंबरच्या कोरड्या रात्री घसरतात. व्हायोलिनच्या खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि दर महिन्याला त्या बदला.

किनाऱ्यावर खारा वारा असतो. ई तार उघड्या पोलादाची असते, ती आधी गंजते. बोट तारेवरून सरकवलं आणि खरबरीत लागलं तर तार बदलायची वेळ झाली. मींड घेताना हे सर्वांत आधी जाणवतं. मी हंगामात ई तार दर महिन्याला बदलते. राळ उन्हात मऊ होते, गाडीच्या डिकीत तर अक्षरशः वितळते. वाद्यही तिथे कधी ठेवू नका, सांधे उकलतात. गोव्यात गजाचे केस बदलून देणारे हात मोजकेच आहेत, तेव्हा दुसरा गज जवळ असलाच पाहिजे.

रियाज

रिव्हर्ब बंद करून रियाज करा. रिव्हर्ब बेसूर झाकतो आणि तुमचा कान आळशी होतो. तानपुऱ्यावर वीस मिनिटं नुसते लांब गज, मग मेट्रोनोमवर पलटे, मग तुकडा. आठवड्यातून दोन दिवस उभं राहून, पूर्ण ४५ मिनिटं, न थांबता. आणि रोजचं शेवटचं वादन फोनवर रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी सकाळी ऐका, त्याच रात्री नको.

कानांची काळजी आत्तापासून घ्या. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास ऐकणं ही सुरक्षिततेची मर्यादा मानतात, आणि दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला ती पंधरा मिनिटांवर येते. स्टेजवर तुम्ही ड्रमशेजारी दोन तास उभे असता.

काय वाजवायचं

दोन सेट, प्रत्येकी ४५ मिनिटं. म्हणजे वीस रचना पाठ आणि पाच राखीव. ट्रॅकवर वाजवत असाल तर ट्रॅक एका चॅनेलवर, ठेक्याचा क्लिक दुसऱ्यावर. क्लिक तुमच्या कानात जातो, ट्रॅक लोकांकडे. फोन विमान मोडवर टाका, नाहीतर भर आलापीत रिंगटोन वाजतो. गाणं मूळ काळी एकमध्ये असलं तर ट्रॅकच पांढरी दोनवर आणा. मोकळ्या तारा मिळाल्या की वाद्य खुलतं.

इथली माणसं काय ऐकून मोठी झाली आहेत ते ओळखा. फोंडा, डिचोली, पेडण्यातल्या कार्यक्रमात नाट्यपदाची एक ओळ वाजली की मागच्या रांगेतले आजोबा मांडीवर ताल धरतात. मडगावच्या लग्नात देखणी, म्हणजे कोकणी नाचाचं गाणं, वाजवली की खुर्च्या रिकाम्या होतात. हे दोन्ही आपल्याकडेच आहे, बाहेरून आलेला वादक ते आणू शकत नाही. वीसातल्या तीन तरी रचना स्वतःच्या असू द्या. माझी पहिली रचना चवथीच्या दिवसांत शेजारच्या घरातून ऐकू येणाऱ्या घुमट आरतीच्या ठेक्यावर बांधली होती. आज लोक तीच पुन्हा वाजवायला सांगतात.

नाट्यगीताच्या मैफलीत साथीला बसाल तेव्हा डिले बंद, रिव्हर्ब अगदी कमी, आवाज गायकाच्या खाली. गायकाने एखादी जागा, म्हणजे हरकत, घेतली की तिचं शेपूट तेवढं उचलायचं. बुवांनी मान वळवून बघितलं तर आवाज जास्त झाला असं समजा.

काम आणि पैसा

हंगाम नोव्हेंबर ते मार्च. नोव्हेंबरमध्ये इफ्फी हा चित्रपट महोत्सव, डिसेंबरमध्ये पणजीला सेरेंडिपिटी हा कला महोत्सव, नाताळ, आणि सगळे महिने लग्नं. कार्तिकापासून जत्रा आणि उत्सव चालू असतात. जूनपासून चवथीपर्यंत काम ओसरतं. तो काळ नव्या रचना, रेकॉर्डिंग आणि शिकवण्यासाठी ठेवा, आणि हंगामातल्या कमाईतून तीन महिन्यांचा घरखर्च आधीच बाजूला काढा.

उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धक बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा कायदा. सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. त्यामुळे किनाऱ्यावरची लग्नं संध्याकाळी सुरू होतात आणि मावळतीचा एक-दीड तास व्हायोलिनवाल्याच्या वाट्याला येतो. तो वेळ मागून घ्या, आपल्या वाद्याला त्याहून चांगली वेळ नाही. दहानंतर हेडफोन लावून नाचण्याच्या पार्ट्या पाळोळ्याला होतात. इलेक्ट्रिक व्हायोलिन तिथेही थेट जोडता येतं.

काम मिळवायला दीड मिनिटाचा एक व्हिडिओ पुरतो: एकाच टेकमध्ये, न कापलेला, खऱ्या आवाजाचा. स्टुडिओत चकाचक केलेल्या व्हिडिओवर अनुभवी वेडिंग प्लॅनर विश्वास ठेवत नाहीत. सोबत एका पानाचा टेक रायडर, म्हणजे स्टेजवरच्या गरजांची यादी, द्या: डीआय माझा, व्हायोलिनला एक चॅनेल, ट्रॅकला एक, स्वतःला ऐकायला एक मॉनिटर स्पीकर, एक प्लग पॉइंट, साउंडचेकला अर्धा तास.

बिदागी ठरवताना वाजवण्याचा तास धरू नका. फोंड्याहून मांद्रे गाठायला लागणारा वेळ, साउंडचेक, थांबणं, तारा, परतीचं पेट्रोल, सगळं मोजा. निम्मी रक्कम आगाऊ, उरलेली वाजवण्याआधी. एकदा एका आयोजकाने "उद्या पाठवतो" म्हणून माझे पूर्ण पैसे बुडवले. तेव्हापासून दोन ओळींचा का होईना, लेखी करार केल्याशिवाय मी तारीख देत नाही. तारीख, वेळ, रक्कम, रद्द झालं तर काय, जेवण आणि जाण्यायेण्याचं काय: व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून "मान्य" असं उत्तर घ्या. कंपनीकडून टीडीएस कापून आला असेल तर तो विवरणपत्रात परत मागता येतो, म्हणून पावत्या जपा. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते.

स्वतःच्या चालींची नोंद आयपीआरएस या संगीतकार-गीतकारांच्या हक्कसंस्थेकडे करा, त्यासाठी संगीतकार म्हणून सदस्य व्हावं लागतं. दुसऱ्याची चाल रेकॉर्ड करून टाकायची असेल तर हक्क तपासा. भारतात संगीतकाराच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क चालतो. म्हणजे १९४२ मध्ये गेलेल्या दीनानाथ मंगेशकरांनी स्वतः बांधलेली चाल आज कुणालाही वाजवता येते, पण ती कुणी गायलेलं नवं ध्वनिमुद्रण उचलून ट्रॅक म्हणून वापरता येत नाही.

कार्यक्रमाचा दिवस

पिशवीत: दोन गज, तारांचा जादा संच, राळ, दोन ९ व्होल्ट बॅटऱ्या, प्रिअँप, डीआय, दोन केबल, चिकटपट्टी, सुती फडकं, टॉर्च, सही करायचं पेन.

दोन तास आधी पोचा. साउंडवाल्याला नावाने हाक मारा, दादा म्हणा, आणि डीआयची एक्सएलआर (तीन पिनांची) केबल स्वतः त्याच्या हातात द्या. आधी खालची तार वाजवून दाखवा, ती भरीव आली की बाकीच्या तीन आपोआप येतात. मग स्टेजवरून खाली उतरून शेवटच्या टेबलापाशी उभ्या राहा किंवा कुणाला उभं करा, कारण स्टेजवरचा आवाज आणि तिथला आवाज वेगळा असतो. सूर पुन्हा एकदा लावा, वाऱ्यात तो उतरतोच.

वाजवून झाल्यावर लोक भेटायला येतात. त्यांच्याशी बोला, नंबर द्या, पण त्याआधी दोन मिनिटं मागे वळा: तारांवरचा घाम आणि मीठ पुसा, बॅटरी वाचवायला वाद्यातली पिन काढा, आणि गज सैल करा.